पुलंचा 'विदूषक' आपण पाहिलाच नाही

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री निवांत वाचा.

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पु. ल. देशपांडे यांच्या नावाने एक विनोद आला. नवरा, बायको आणि वायफायचा पासवर्ड. आता पु. ल. गेले १२ जून २००० रोजी. मी आपला पत्रकारी खोडीने विचारलं की पुलंनी वायफायवर कधी लिहिलं? तर डहाणूकर कॉलनीतल्या एका काकांचं उत्तर आलं, "अहो असू द्या की, पुलंच्या स्टाइलचा आहे ना?" खाली पाच-सहा हसरे चेहरे. विषय संपला.

माझ्यापुरता नाही संपला. ही 'पुलंची स्टाइल' म्हणजे काय समजतो आपण? नवरा-बायकोचे टोमणे, पुणेकरांची खिल्ली, थोडी आठवणींची साय. कुणालाही न लागणारा, दुपारी जेवणानंतर ऐकायला बरा असा विनोद. गेल्या वर्षी आपल्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात पुलंच्या साहित्यावरचा एक कार्यक्रम पाहिला. शेजारी बसलेले गृहस्थ प्रत्येक वाक्याच्या आधीच हसत होते. पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं. कौतुकच वाटलं, आणि जरा भीतीही वाटली. जे सगळं पाठ झालंय ते आपण ऐकतो का अजून?

मी मूळचा भोरचा. आमच्या घरात पु. ल. कॅसेटमधून आले, पुस्तकातून नंतर. वडिलांच्या टेपरेकॉर्डरवर 'म्हैस' इतक्या वेळा वाजली की टेप एका जागी ताणली गेली आणि तिथे आवाज जरा जाड यायचा. आजही ती गोष्ट चांगल्या प्रतीत ऐकली की त्या जागी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. पुढे पत्रकारितेची पदविका करायला पुण्यात आलो, तेव्हा पु. ल. आजारी होते. मी त्यांना कधी भेटलो नाही. पण मी रोज ज्या रस्त्याने स्कूटरवर कामाला जातो, त्या रस्त्यावर त्यांचं जवळजवळ सगळं आयुष्य ठेवलेलं आहे. म्हणून म्हटलं, त्या रस्त्यानेच सांगावं.

कोथरूडहून कर्वे रस्त्याने निघायचं, नळ स्टॉपला डावीकडे लॉ कॉलेज रस्त्याला वळायचं. थोडं पुढे फिल्म इन्स्टिट्यूट लागते. ही जागा म्हणजे जुनी प्रभात. १९२९ ला कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये इथे आली आणि पन्नाशीच्या दशकात बंद पडली. मराठी सिनेमाचा तो पडता काळ होता आणि नेमक्या त्याच काळात पु. ल. सिनेमात होते. १९४७ च्या 'कुबेर'पासून १९५३ पर्यंत. 'पुढचं पाऊल'मध्ये हंसा वाडकरांसमोर नायक. 'देवबाप्पा'चं संगीत त्यांचं. ज्या गाण्यावर महाराष्ट्रातली प्रत्येक मुलगी गॅदरिंगला मोर होऊन नाचली, त्याची चाल पुलंची, शब्द गदिमांचे. आणि मग १९५३ चा 'गुळाचा गणपती'. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायक, सगळं एकच माणूस. 'सबकुछ पु. ल.' हा शब्दप्रयोग त्याच सिनेमाला चिकटला. भीमसेन जोशींच्या आवाजातलं इंद्रायणीकाठचं गाणं याच सिनेमातलं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ते गाणं देवळात ऐकलेलं असतं.

आता गंमत बघा. सगळं हातात असलेला सिनेमा केला आणि त्यानंतर हा माणूस सिनेमातून बाजूलाच झाला. चौतिशीत. सहा-सात वर्षांत एवढं काम करून कुणी असा उठून जातो का? माझा आपला अंदाज असा की सिनेमात 'सबकुछ' कधीच एकाचं नसतं. निर्माता असतो, वितरक असतो, थिएटरवाला असतो. विनोदाला लागते ती हवी तिथे थांबायची मोकळीक, आणि ती कात्री दुसऱ्याच्या हातात असते. पुढे त्यांच्या 'सुंदर मी होणार' या नाटकावर १९६३ मध्ये 'आज और कल' नावाचा हिंदी सिनेमा आला, अशोककुमार, सुनील दत्त, नंदा असा. तोही दुसऱ्यांनी केला.

फिल्म इन्स्टिट्यूटच्या पुढे उजवीकडे भांडारकर रस्ता. तिथे 'मालती-माधव' ही इमारत, पुलंचं शेवटचं घर. बाहेर पाटी आहे. त्या पाटीखाली दुचाक्या लावलेल्या असतात. असो. शेवटचा मुद्दा मी त्या घरात परत येऊन सांगणार आहे, आत्ता पुढे जाऊ.

शिवाजीनगरला आकाशवाणी. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. पु. ल. तिथे रुजू झाले १९५५ मध्ये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इथून 'गीतरामायण' सुरू झालं, ५६ गाणी, वर्षभर. व्यंकटेश माडगूळकर ग्रामीण कार्यक्रमांसाठी तिथेच आले. एकाच इमारतीत एवढी माणसं सरकारी पगारावर बसलेली होती, यावर आज विश्वास बसत नाही.

मला विचाराल तर पु. ल. घडले ते इथे. म्हणजे त्याआधी ते नट होते, गायक होते, पेटी वाजवत होते, बेळगावच्या कॉलेजात शिकवूनही झालं होतं. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य लिहून झालं होतं, गोगोलच्या नाटकावरून 'अंमलदार' केलं होतं. दोन्हींत टोपी उडते ती सत्तेची, हे ध्यानात ठेवा. पण रेडिओने काय केलं? रेडिओने त्यांचा चेहरा काढून घेतला.

मी एका स्थानिक केंद्रासाठी काही काळ बातम्या वाचल्यात, म्हणून थोडं अनुभवाने सांगतो. स्टुडिओत लाल दिवा लागला की समोर फक्त मायक्रोफोन असतो. भुवई उडवून उपयोग नाही. टाळी नाही, हशा नाही. रंगमंचावर नट हशा ओसरेपर्यंत थांबतो. रेडिओवर किती थांबायचं ते तुम्ही स्वतः ठरवायचं, आणि जरा जास्त थांबलात तर ऐकणाऱ्याला वाटतं केंद्र बंद पडलं. माणूस म्हातारा आहे, कोकणातला आहे, अपमान गिळून बोलतोय, हे सगळं आवाजातून आणि वाक्याच्या वळणातून कळलं पाहिजे. लिहिणाऱ्याचा कान तयार नसेल तर पंधरा मिनिटांत त्याची लाज निघते.

आता पुलंची माणसं कानाने तपासून बघा. रत्नागिरीचा अंतू बर्वा. बेळगावचे रावसाहेब. पारशी पेस्तनकाका. 'तुझे आहे तुजपाशी'मधले इंदूरचे काकाजी. ही चार माणसं चार मराठी बोलतात. रावसाहेबांच्या बोलण्यात कानडी मिसळते आणि लिंगं इकडची तिकडे होतात, काकाजींच्या बोलण्यात हिंदी नबाबी थाटात टेकून बसते. डोळे मिटून ऐका, नाव न सांगता कोण बोलतंय ते कळतं. 'तुझे आहे तुजपाशी' आलं १९५७ ला, म्हणजे आकाशवाणीत असताना. त्या नाटकात रंगमंचावर फारसं काही घडतच नाही. आचार्य आणि काकाजी बोलतात, आणि दोन जगणी समोरासमोर येतात. डोळे मिटून ऐकलं तरी फार काही हरवत नाही असं नाटक आहे ते.

पुढचं भराभर सांगतो. आकाशवाणीने बीबीसीकडे शिकायला पाठवलं, त्यातून 'अपूर्वाई' हे प्रवासवर्णन मिळालं. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत दूरचित्रवाणीचं पहिलं प्रक्षेपण झालं, आठवड्यातून दोनच दिवस, तेव्हाच्या पहिल्या निर्मात्यांत पु. ल. होते. पंडित नेहरूंची दूरचित्रवाणीसाठी पहिली मुलाखत घेतली ती त्यांनी. नोकरी म्हणून याहून वर जायचं कुठे? वयाच्या चाळिशीत, देशातल्या अगदी नव्या माध्यमाच्या पहिल्या रांगेत खुर्ची.

ती त्यांनी सोडली. सिनेमा सोडला तशीच.

आणि १९६१ मध्ये एकटे 'बटाट्याची चाळ' घेऊन उभे राहिले. पुस्तक आधी आलंच होतं. रंगमंचावर एक माणूस, आणि अख्खी चाळ बोलतेय. जिना नाही, गॅलरी नाही, बिऱ्हाडं नाहीत. आवाज बदलला की बिऱ्हाड बदललं. हे रेडिओवर शिकलेल्या माणसाचं नाटक आहे, फक्त आता समोर माणसं होती आणि किती थांबायचं ते पुन्हा त्यांच्या हशावर ठरत होतं. कात्री कुणाच्याच हातात नाही. साहेब नाही, निर्माता नाही. पुढच्या वर्षी 'वाऱ्यावरची वरात'. ही दोन्ही कामं तुफान चालली, आणि चालू असतानाच त्यांनी प्रयोग थांबवले. मिळालेल्या पैशातून प्रतिष्ठान काढून देणग्या दिल्या. १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, त्याला पहिला मोठा हात पु. ल. आणि सुनीताबाईंचा. हा हिशोब सुनीताबाई ठेवायच्या, आणि तो चोख असायचा. त्यांच्याबद्दल वेगळं लिहीन कधीतरी.

शिवाजीनगरहून परत येताना जंगली महाराज रस्त्याने या. बालगंधर्व रंगमंदिर, १९६८. हे थिएटर कसं असावं, प्रेक्षक कुठे बसावा, आवाज शेवटच्या रांगेला कसा जावा, यात पुलंनी जातीने लक्ष घातलं होतं. ते पाडून नवं बांधायचं की ठेवायचं, यावर दर दोन-तीन वर्षांनी वाद होतो. वादात पुलंचं नाव दोन्हीकडचे लोक घेतात. तिथेच काय, सगळीकडे असंच आहे. नाव सगळे घेतात.

आता भांडारकर रस्त्यावरच्या घरात परत येऊ, म्हणजे म्हातारपणाकडे.

आणीबाणी शिथिल होऊन १९७७ ची निवडणूक लागली, तेव्हा पु. ल. जनता पक्षाच्या प्रचाराला सभांमधून बोलत फिरले. निवडणूक जिंकली, सरकार आलं, आणि हे पुन्हा घरी येऊन बसले. पद नाही, समिती नाही, खासदारकी नाही. पुढच्याच वर्षी ब्रेख्तवरून 'तीन पैशाचा तमाशा' आलं, थिएटर अकॅडमीचं, दिग्दर्शन जब्बार पटेल. चोर, पोलीस आणि पुढारी यांच्यातला फरक शोधायला लावणारं नाटक. ज्यांच्यासाठी प्रचार केला ते सत्तेवर असताना.

आणि मग १९९२. पुलंचं वय बहात्तर-त्र्याहत्तर. जवळजवळ चाळीस वर्षांनी ते सिनेमासाठी लिहायला बसले. पुन्हा जब्बार पटेल. सिनेमाचं नाव 'एक होता विदूषक'. गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं. मुख्य भूमिकेत लक्ष्मीकांत बेर्डे.

किती जणांनी पाहिलाय? मी आमच्या ग्रुपवर विचारलं. दोनशे चोवीस माणसांच्या ग्रुपमधून तीन हात वर आले. त्यातल्या एका बाईंनी 'बहुतेक टीव्हीवर अर्धा' असं लिहिलं.

गोष्ट थोडक्यात अशी. तमाशात जन्मलेला आबुराव नावाचा सोंगाड्या. फडात उभा राहून राजाला, पाटलाला, पुढाऱ्याला तोंडावर बोलणारा. गण, गौळण, बतावणी, ही आपली जुनी परंपराच आहे. सोंगाड्याला सगळं माफ असतं, कारण त्याच्यापाशी काढून घेण्यासारखं काही नसतं. मग आबुराव सिनेमात जातो. मोठा नट होतो. पैसा येतो, बंगला येतो. मग पुढाऱ्यांना गर्दी जमवायला तो हवासा वाटू लागतो, आणि तो त्यांच्या व्यासपीठावर चढतो. लोक अजून हसतातच. फक्त आता ते कुणाकडे बघून हसतायत आणि कुणाच्या सोयीने, ते बदललेलं असतं. आणि घरात त्याची लहान मुलगी असते. ती हसत नाही. अख्ख्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या बापाच्या कुठल्याच विनोदाला ती हसत नाही.

हे कुणी लिहिलंय ते बघा. तमाशा, सिनेमा, सरकारी माध्यम, राजकीय व्यासपीठ, हे सगळं स्वतः आतून बघून प्रत्येक ठिकाणाहून उठून आलेल्या माणसाने. आणि ते केलं कुणी? लक्ष्मीकांत बेर्डेंनी, जे त्या काळात वर्षाला कितीतरी सिनेमांतून तेच ते करून थकत होते. मला तो सिनेमा बघताना दर वेळी वाटतं की हा नट भूमिका करत नाहीये, कबुली देतोय. लोक गेले ते बेर्डेंचा नेहमीचा धिंगाणा बघायला. तो मिळाला नाही. सिनेमा पडला. १९९२ चा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, पण पुरस्काराने थिएटर भरत नाही.

सिनेमा लांबलाय, मी मान्य करतो. मध्ये काही प्रसंग भाषणासारखे होतात. पण मुलीचे प्रसंग विसरता येत नाहीत.

१९९६ मध्ये महाराष्ट्र सरकारने 'महाराष्ट्र भूषण' सुरू केला आणि पहिला पुलंना दिला. सरकार युतीचं होतं. पु. ल. तेव्हा कंपवाताने थकलेले होते. आयुष्यभराच्या कौतुकावर शिक्कामोर्तब होत होतं, चार गोड शब्द बोलून बसता आलं असतं. त्यांनी त्या निमित्ताने दंडेलीच्या राजकारणावर, लोकशाहीपेक्षा ठोकशाही भली म्हणणाऱ्यांवर नापसंती व्यक्त केली. त्यावर बाळासाहेब ठाकरे यांनी त्यांना जाहीरपणे झोडपलं. महाराष्ट्रात खूप धुरळा उडाला. मी तेव्हा कॉलेजात होतो. भोरच्या एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर, ज्यांनी पुलंचं पान वाचलं नव्हतं अशी माणसं पुलंवर भांडत होती. एक जण म्हणाला, "हसवायचं सोडून ह्यांना काय करायचंय राजकारण?" ते वाक्य मी तेव्हापासून किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारला एका विनोदी कलाकाराच्या गाण्यावरून कार्यक्रमाच्या जागेची मोडतोड झाली, तेव्हा आमच्या ग्रुपवर पुन्हा तेच आलं. गाणं बरं होतं की वाईट, हा वेगळा विषय. गंमत म्हणजे त्याच दिवशी संध्याकाळी त्याच माणसाने पुलंचा एक विनोद टाकला. तोही पुलंचा नव्हता.

म्हणून मला त्या वायफायच्या विनोदाचा राग आला. आपण पुलंचा गुळाचा गणपती करून देव्हाऱ्यात बसवलाय. 'पुढारी पाहिजे', 'अंमलदार', 'तीन पैशाचा तमाशा', 'एक होता विदूषक' ही एकाच माणसाची सलग ओळ आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ही ओळ काढून टाकली की मग उरतो तो शेजारच्या गृहस्थांना पाठ असलेला पु. ल. तोही खराच आहे, माझाही लाडका आहे. पण अर्धा आहे.

आणि रेडिओवरचा पु. ल. तर जवळजवळ गेलाच. त्यांची रेडिओवरची भाषणं आणि श्रुतिका दोन भागांत पुस्तकरूपाने आल्यात, म्हणजे शब्द वाचले. आवाज? तेव्हा टेप महाग, त्यामुळे एकदा वाजवलेली टेप पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती. जे आज मोबाइलवर ऐकायला मिळतं ते बहुतेक नंतरच्या कॅसेटींचं, प्रेक्षकांसमोरचं, हशासकट. स्टुडिओत एकट्याने, समोर कुणी नसताना हा माणूस कसा थांबत होता, ते ऐकणारे श्रोते आता ऐंशीच्या पुढचे आहेत.

त्यातले बरेचसे आपल्याच भागात राहतात. मयूर कॉलनी, डहाणूकर, गांधीभवनाकडच्या जुन्या सोसायट्या. पन्नास-साठच्या दशकात ज्यांनी ते ऐकलं, पुढे ज्यांनी रेडिओला टेपरेकॉर्डर लावून काही उतरवून घेतलं, अशा आजोबा-आजींच्या माळ्यावर, ट्रंकेत, फ्लॅट रीडेव्हलपमेंटला गेल्यावर भंगारात टाकायच्या खोक्यात काहीतरी असू शकतं. खोकं टाकायच्या आधी एक फोन करा. स्पूल असेल तरी चालेल. कॅसेट प्लेअर माझ्याकडे आहे, वडिलांचाच, चालू आहे. फक्त एका जागी आवाज जरा जाड येतो.